पार्कं उघडली म्हणजे साथ संपली, असं कोणी सांगितलं?

२०२०च्या ऑक्टोबरात, कोविडची साथ चालू असताना, एका शनिवारी रात्री ताईने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, "मग जायचं ना?" मेसेजचं नाव 'थीम पार्कला बिनधास्त जा : सात सत्ये'. आदल्या दोन दिवसांत तोच मेसेज ऑफिसच्या आणि शाळेच्या ग्रुपवरही येऊन गेला होता, तेव्हा मी न वाचता पुढे सरकले होते. घरात आला म्हटल्यावर वाचावा लागला. ताईचा बेत पाच जणांचा होता : ती, भावजी, सात वर्षांचा भाचा, नऊ महिन्यांची भाची आणि आमची आई. आई तेव्हा ६८ वर्षांची होती आणि तिला मधुमेह आहे. मेसेज वाचून मला इतका संताप आला की रात्री झोप लागली नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, पार्कं उघडली याचा अर्थ साथ संपल्याचं तज्ज्ञांनी मान्य केलं. दोन, दारावर कपाळाला रोखतात ती तापमानाची बंदूक मेंदूतल्या पिनियल ग्रंथीवर किरण सोडते, म्हणून कपाळ देऊ नका, हात पुढे करा. तीन, वेगवान राइडवर मास्क घातला तर ऑक्सिजन कमी पडून माणूस बेशुद्ध होतो. चार, उघड्यावर आणि उन्हात विषाणू टिकत नाही. पाच, पाण्यात क्लोरीन असल्यामुळे वॉटर पार्क घरापेक्षाही सुरक्षित. सहा, जपानमध्ये राइडवर ओरडायलासुद्धा बंदी आहे, यावरून हे नियम किती बिनडोक आहेत ते ओळखा. सात, जगातल्या एकाही पार्कात आजवर कोणालाही लागण झालेली नाही, तेव्हा तान्ह्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना न्या.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण रविवारी सकाळी आईचा फोन आला तो त्यासाठीच. "कपाळावर धरू द्यायचं नाही का गं? माझं तर दवाखान्यात चार वेळा धरलं." तिच्या आवाजात भीती होती. एका खोट्या वाक्याने तिला दवाखान्याच्या दाराचीच भीती घातली होती.

त्या यंत्रातून आपल्या दिशेने तापमान मोजणारे कोणतेही किरण येत नाहीत. प्रत्येक उबदार वस्तूतून अवरक्त किरण बाहेर पडत असतात, तसे ते आपल्या कपाळातूनही पडतात. यंत्रातला सेन्सर ते टिपतो आणि त्यावरून तापमान काढतो. किरण जातात ते आपल्याकडून यंत्राकडे. ज्या पिनियल ग्रंथीचं नाव घेऊन मेसेजने घाबरवलंय, ती मेंदूच्या मध्यभागी खोल आहे. कारखान्यांत वापरायच्या काही थर्मामीटरना नेम धरण्यासाठी लाल प्रकाशाचा ठिपका असतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नये हे खरं. पण तो फक्त नेम दाखवणारा लेसर आहे, तापमानाशी त्याचा संबंध नाही.

खरं नुकसान 'हात पुढे करा' या सल्ल्यात आहे. हाताची त्वचा बहुतेक वेळा कपाळापेक्षा थंड असते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कांत तेव्हा प्रवेश नाकारण्याची मर्यादा ३८ अंश सेल्सिअस होती, टोकियोत ३७.५. अंगात ताप असलेला माणूस थंड हात पुढे करून या मर्यादेच्या खाली सहज राहील आणि दिवसभर लोकांच्या रांगांत उभा राहील. म्हणजे ज्याने हा सल्ला लिहिला, त्याने आजाऱ्याला आत शिरण्याची युक्ती शिकवली आहे.

इथे एक गोष्ट मला मनाविरुद्ध मान्य करावी लागते. दारावरचं तापमान ही फार कच्ची चाळणी आहे. या आजारात माणूस लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागण देऊ शकतो, आणि कित्येकांना ताप येतच नाही. 'तापमान तपासलं म्हणजे निर्धास्त होऊ नका' एवढंच मेसेजमध्ये असतं, तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

आता पहिला मुद्दा. पार्कं उघडली हे खरं, पण कशी उघडली तेही बघा. शांघायचं डिस्नीलँड २५ जानेवारीला बंद झालं आणि ११ मे रोजी उघडलं, तेही सरकारने क्षमतेच्या ३० टक्क्यांची मर्यादा घातल्यावर. हाँगकाँगचं २६ जानेवारीला बंद झालं, १८ जूनला उघडलं, शहरात रुग्ण वाढल्यामुळे १५ जुलैला पुन्हा बंद झालं आणि २५ सप्टेंबरला दुसऱ्यांदा उघडलं. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचं डिस्नीलँड १४ मार्चपासून बंद होतं, ऑक्टोबर उजाडला तरी उघडलेलं नव्हतं. साथ संपल्याचं तज्ज्ञांनी मान्य केलं असतं तर एकाच कंपनीच्या पार्कांची अशी उघडझाप झाली असती का?

फ्लोरिडात ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची पहिली दोन पार्कं ११ जुलैला उघडली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडाने १५,२९९ नवे रुग्ण जाहीर केले. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा तोवरचा एका दिवसातला तो सर्वांत मोठा आकडा होता. हे पार्कांमुळे झालं असं मी म्हणत नाही, एका दिवसात ते शक्यही नाही. पण ज्या आठवड्यात तिथे साथ तोवरची सर्वांत जोरात होती, त्याच आठवड्यात दारं उघडली, हे कॅलेंडरवर लिहिलेलं आहे. पार्कं उघडण्यामागे पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. डिस्नेने सप्टेंबरच्या अखेरीस २८,००० लोकांना कामावरून कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्या घरांचा विचार करून कोणी पार्क सुरू ठेवावं म्हणत असेल तर मला ते समजतं. पण मग ते तसंच म्हणा. त्याला आरोग्याचा दाखला कशाला जोडता?

मास्क आणि ओरडणं, हे दोन्ही मुद्दे एकमेकांत गुंतलेले आहेत. मास्कने ऑक्सिजन कमी पडत नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि परिचारिका तासन्‌तास तो लावून उभे असतात. ऑक्सिजनचा रेणू थेंबांच्या तुलनेत इतका लहान आहे की कापडातून तो सहज ये-जा करतो. राइडवर मास्कची खरी अडचण वेगळी आहे : सैल असेल तर तो उडून जातो. त्यावर उपाय म्हणजे कानामागे घट्ट बसणारा मास्क आणि पिशवीत दोन जास्तीचे. ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कांत तेव्हा दोन वर्षांवरच्या सगळ्यांना मास्क बंधनकारक होता, आणि झडप असलेले मास्क किंवा गळ्यातून वर ओढायच्या पट्ट्या तिथे चालत नव्हत्या. खायला-प्यायला तो काढता यायचा, पण एका जागी थांबून, इतरांपासून लांब.

दोन वर्षांवरच्या सगळ्यांना, हे शब्द ताईने नीट वाचावेत. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावू नये असंच डॉक्टर सांगतात. म्हणजे आपल्या भाचीच्या तोंडावर काहीच असणार नाही. तिचं संरक्षण तिच्या आजूबाजूच्या अनोळखी माणसांच्या तोंडावर असेल. आणि हा मेसेज त्याच माणसांना मास्क काढायला सांगतो आहे.

जपानच्या नियमाची खिल्ली उडवणाऱ्याने त्यामागचं कारण वाचलेलं नाही. मे महिन्यात तिथल्या थीम पार्कांच्या संघटनांनी ज्या सूचना काढल्या, त्यात राइडवर ओरडणं टाळा असं होतं. फुजी-क्यू हायलँड या पार्कने आपल्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांचा व्हिडिओ काढला. सुटाबुटात, मास्क लावून, तोंडातून अवाक्षर न काढता ते रोलर कोस्टरवर बसले आहेत आणि शेवटी विनंती आहे की ओरडायचं ते मनातल्या मनात ओरडा. लोक हसले, मीही हसले. पण मोठ्याने बोलताना, गाताना, ओरडताना तोंडातून जास्त थेंब बाहेर पडतात हे पक्कं आहे. मार्चमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाची सुमारे अडीच तासांची तालीम झाली. आलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. ती बंद खोली होती आणि रोलर कोस्टर मोकळ्या हवेत धावतो, हा फरक मी मान्य करते. तरी पुढच्या रांगेतल्या माणसाने मास्कशिवाय ओरडावं आणि मागच्या रांगेतल्या माझ्या भाच्याने ती हवा घ्यावी, हे मला नको आहे.

मोकळ्या हवेत धोका कमी असतो, ही या मेसेजमधली त्यातल्या त्यात खरी गोष्ट. पण दिवसाचा हिशोब मांडा. राइड दोन-तीन मिनिटांची. त्याआधीची रांग अर्ध्या-पाऊण तासाची, आणि ती पुष्कळदा छताखाली, वळणावळणाच्या बंद वाटेत. शिवाय अंधाऱ्या बोगद्यातून जाणाऱ्या राइड, उपाहारगृहं, स्वच्छतागृहं, दुकानं, वाहनतळापासून दारापर्यंतची बस. मिरवणुका आणि आतषबाजी बंद ठेवल्या होत्या त्या याचसाठी की त्या वेळी माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात. उन्हाचं म्हणाल तर जुलैच्या फ्लोरिडाचा आकडा वर दिलाच आहे. तिथे ऊन कमी होतं का?

क्लोरीनचंही अर्धंच सांगितलंय. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यातून हा विषाणू पसरत नाही, हे खरं. पण घसरगुंडीच्या जिन्यावर मागे उभा असलेला माणूस पाण्यात नसतो. आणि ओला मास्क लावून श्वास घेणं कठीण, म्हणून पाण्यात मास्क नसतो. म्हणजे तिथे सगळी भिस्त अंतरावर.

आता सातवा. याच मुद्द्याने ताईचा बेत पक्का केला, म्हणून यावर थोडं जास्त बोलते.

ऑर्लँडोतल्या पार्कांशी जोडलेला पाहुण्यांमधला मोठा उद्रेक तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तोवर जाहीर केलेला नव्हता. हे मला नाकारता येत नाही आणि नाकारायचंही नाही. पण 'जाहीर झाला नाही' आणि 'कोणालाही लागण झाली नाही' यांत किती अंतर आहे, हे बघायचं तर २०१४च्या डिसेंबरकडे जावं लागतं. त्या वेळी अनाहाइमच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन डिस्ने पार्कांतून गोवर पसरला. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१५च्या फेब्रुवारीत आपल्या साप्ताहिकात त्याचा अहवाल छापला. तो छोटा आहे आणि प्रत्येकाने वाचावा असा आहे.

५ जानेवारी २०१५ रोजी कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याला एका ११ वर्षांच्या, लस न घेतलेल्या मुलाची खबर मिळाली. त्याच दिवशी कॅलिफोर्नियातले आणखी चार आणि युटा राज्यातले दोन संशयित समोर आले. सगळ्यांत समान धागा एकच : १७ ते २० डिसेंबरच्या दरम्यान ते या पार्कांत गेले होते. म्हणजे पहिला सुगावा लागेपर्यंत दोन आठवड्यांहून जास्त काळ उलटला होता आणि माणसं आपापल्या घरी पोचली होती. अहवाल लिहीपर्यंत अमेरिकेत १२५ रुग्ण झाले, त्यातले ११० कॅलिफोर्नियाचे, बाकीचे ॲरिझोना, युटा, वॉशिंग्टन अशा राज्यांतले. साखळी मेक्सिको आणि कॅनडापर्यंत गेली. आणि कॅलिफोर्नियातल्या ११० जणांपैकी पार्कात जाऊन लागण झाल्याचं दिसलं ते ३९ जणांना. इतर कित्येक जण पार्कात गेलेच नव्हते, आजार त्यांच्यापर्यंत घरातून, ओळखीच्या माणसांतून, सार्वजनिक जागी पोचला. पार्कात पहिल्यांदा गोवर कोणी आणला, हे शोधूनही सापडलं नाही.

हे सगळं गोवराच्या बाबतीत. गोवर अंगावर पुरळ उठवतो, त्यामुळे ओळखता येतो. अमेरिकेत तो तेव्हा इतका दुर्मीळ झाला होता की एक रुग्ण सापडला तरी आरोग्य खातं मागे लागायचं. आणि विषाणूच्या जातकुळीवरून एक रुग्ण दुसऱ्याशी जोडता येतो. एवढं सगळं हाताशी असूनही उगम सापडला नाही. आता कोविड घ्या. पुरळ नाही. अनेकांना लक्षणंच नाहीत. तेव्हा रोज हजारोंनी रुग्ण, प्रत्येकाच्या मागे कोण फिरणार? पार्कात लागण झालेला माणूस विमानाने घरी जातो, पाच-सहा दिवसांनी खोकू लागतो, चाचणी गावातल्या प्रयोगशाळेत होते आणि नोंद त्या गावाच्या खात्यावर पडते. त्या नोंदीत पार्कचं नाव येणार कुठून? शोधायची सोयच नाही तिथे सापडलं नाही, याला पुरावा म्हणत नाहीत.

शिवाय लागण खरंच कमी झाली असेल, तर ती कशामुळे? आधी तारीख राखून ठेवल्याशिवाय प्रवेश नव्हता, गर्दी निम्म्याहून कमी, राइडमधल्या आसनांच्या काही रांगा मोकळ्या सोडलेल्या, जो-तो मास्कमध्ये. पथ्य पाळून बऱ्या झालेल्या माणसाने 'बघा, पथ्याची गरजच नव्हती' असं शेजाऱ्याला सांगावं, तसा हा मेसेज आहे. आणि शेजाऱ्याने ते ऐकलं तर मरणार शेजारी.

त्या गोवराच्या अहवालातला एक आकडा मी ताईला वेगळा पाठवला. कॅलिफोर्नियातल्या ११० रुग्णांपैकी १२ तान्ही बाळं होती, लस द्यायच्या वयाचीसुद्धा नव्हती. कोविडची लस तर तेव्हा सर्वसामान्यांसाठी आलेलीच नव्हती. या बाबतीत आपण सगळेच त्या बाळांच्या जागी होतो.

मी तिला जाऊ नको म्हणाले नाही. भाचा मार्चपासून घरात होता, त्याचं तोंड बघवत नव्हतं. सुट्टीचा दिवस सोडून जा, छताखालच्या रांगा टाळ, जेवण उघड्यावर घे, आणि आईला व बाळाला माझ्याकडे ठेव, एवढं लिहिलं. तापमान कपाळावरच मोजू दे, हेही लिहिलं. भावजींनी तो मेसेज आणखी दोन ठिकाणी पाठवला होता, तो त्यांनी काढून टाकला. ताईने दोन तास उत्तर दिलं नाही. मग रात्री पाच जणांच्या आरक्षणातली दोन नावं कमी केल्याचा फोटो आला, खाली एकच शब्द होता : "केलं."