पुस्तक काढताय? आधी पोटमाळा रिकामा करा

तुमचं पुस्तक लिहून झालंय असं मी धरून चालतो. झालं नसेल तरी अडत नाही. स्वयंप्रकाशनाच्या संकेतस्थळावर नाव, मोबाइल नंबर आणि 'विषय : ललित' एवढं भरलंत की चहा गार व्हायच्या आत फोन येतो. "सर, आपकी कहानी में बहुत दम है!" कहाणी अजून तुमच्या डोक्यातून कागदावर उतरलेली नसते, पण पलीकडच्या मुलीला तिच्यातला दम कळलेला असतो. जुन्या वळणाचा प्रकाशक हस्तलिखित नऊ महिने कपाटात ठेवतो आणि 'आमच्या योजनेत बसत नाही' असं दीड ओळीत कळवतो. इथे नाही म्हणायची रीतच नाही. ज्या दुकानाचं गिऱ्हाईक खुद्द लेखक, त्या दुकानात वाईट लेखक येतीलच कुठून?

मग पॅकेज निवडा. सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी नावं वाचून सराफाच्या पेढीवर आल्यासारखं वाटेल. फरक इतकाच की सराफाकडे मोडायला नेलं तर काहीतरी परत मिळतं. तुम्ही गोल्डच घ्या, कारण त्यात 'आयएसबीएन समाविष्ट' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. पुस्तकाची ओळख सांगणारा हा 13 आकडी क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था देते आणि त्याचे पैसे घेत नाही. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही अर्ज करता येतो. पण फुकट मिळालेल्या वस्तूला घरात किंमत नसते हे तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा ती पॅकेजमधूनच घ्यावी. 2007 पासून हा क्रमांक दहाचा तेरा आकडी झाला. त्याची सुरुवात 978 ने होते आणि पुढे आपल्याकडे 81 किंवा 93 येतं. मला माझा आला तेव्हा मी तो पाठ केला होता. बायकोचा मोबाइल नंबर मला अजून पाठ नाही.

आता अक्षरजुळणी. इथे घाई करू नका, कारण खरी गंमत इथेच आहे. तुमच्या ओळखीच्या डीटीपीवाल्याने मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टाइप केलेला असणार आणि पॅकेज विकणाऱ्या मंचाला हवा असतो युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येणारी अक्षरं. फाइल तशीच पाठवलीत तर डोक्यावर टिंबं, टोप्या आणि शेंडी घेतलेली परदेशी अक्षरं उमटतात आणि तुमचं बालपण आइसलँडमध्ये गेल्यासारखं दिसतं. म्हणून रूपांतर करावं लागतं. रूपांतरात जोडाक्षरांचे पाय मोडतात, रफार शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून फिरायला निघते. हे सगळं निस्तरलंत तरी मंचाचा फाँट हिंदी वळणाचा निघतो. त्यातला 'ल' आणि 'श' बघून आजी म्हणेल, "हे कुठलं रे?" तिला सांगा, हेच राष्ट्रीय आहे.

सगळ्यांत कठीण परीक्षा 'ऱ्य'ची. चंद्रकोरीसारखा तो अर्धा 'र' मराठीला लागतो, हिंदीला लागत नाही, म्हणून तो लागतो हे हिंदी वळणाच्या फाँटला ठाऊक नसतं. माझ्या पुस्तकात 'सह्याद्रीच्या दऱ्या' होत्या. छापून आल्या 'सह्याद्रीच्या दर्या'. डोंगराला एका रात्रीत समुद्र लागला. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. मामाच्या लग्नात जिलेबी तळणाऱ्या आचाऱ्यावर मी एक अख्खा लेख लिहिला होता, मनापासून लिहिला होता. पुस्तकात ती जिलेबी 'आचार्यांनी' तळली. तळून झाल्यावर आचार्य कढईपाशी तंबाखू मळत बसले, हेही वाक्य होतंच. मी तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, की लेखकाने पीडीएफला मंजुरी दिलेली आहे. दिली होती. मोबाइलवर, लोकलमध्ये, दादर यायच्या आत.

मुद्रितशोधनाचे पैसे वेगळे मागतील. देऊ नका. संगणकाचा शब्दतपासनीस फुकट आहे, तो तुमच्या संपूर्ण हस्तलिखिताखाली लाल रेघ ओढतो आणि त्याचं मत इतकं सरसकट असतं की मनाला लागत नाही.

मुखपृष्ठावर सूर्यास्त घ्या. सूर्यास्त नको असेल तर दौत आणि मोराचं पीस. प्रस्तावनेसाठी एखादे निवृत्त विभागप्रमुख गाठा. ते चौदा पानं लिहून देतील. त्यातली साडेबारा त्यांच्या प्रबंधाविषयी असतील, पण शेवटी तुमचं नाव येतं.

कवी असाल तर एक सूचना. संग्रह जाडजूड करा. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेत 79 पानांपर्यंतच्या पुस्तकाच्या कण्यावर अक्षरं छापत नाहीत. ताठ कण्याच्या कविता लिहायच्या आणि पुस्तकाच्याच कण्यावर नाव नाही, हे बरं दिसत नाही. एका पानावर दोनच ओळी ठेवा. कोऱ्या जागेला समीक्षक 'अर्थगर्भ अवकाश' म्हणतात, आणि छपाईवाला पान मोजून पैसे घेतो. दोघांचंही समाधान होतं.

किंमत ठरवताना गणित करायचं नसतं. माझ्याकडून चुकून झालं. समजा, पुस्तक अडीचशे रुपयांचं आहे. मागणी आली की एक प्रत छापायची, असा हा मामला, त्यामुळे हजाराच्या आवृत्तीतली स्वस्ताई इथे नाही. छपाईचे सव्वाशे गेले, विक्री करणाऱ्याच्या कमिशनचे शंभर गेले, उरले पंचवीस. जाहिरातीत '100 टक्के रॉयल्टी तुमचीच' म्हटलेलं असतं, ते तंतोतंत खरं आहे. त्या पंचविसाचे शंभर टक्के तुमचे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे हेही खरं, पण तुम्ही पुस्तक कुठे घेतलंत, तुम्ही पॅकेज घेतलंत. त्याच्या बिलावर तो असतोच. पॅकेज चाळीस हजाराचं धरलं तर सोळाशे प्रती खपल्या की तुम्ही पुन्हा शून्यावर येता. साहित्याने माणूस मुळाशी परत जातो म्हणतात ते हेच असावं.

सोळाशे वाचक कुठून आणायचे? व्हॉट्सअ‍ॅपवरून. 'कुटुंब', 'दहावी ब 1989', 'सकाळचे चालणारे' आणि 'लिफ्ट दुरुस्ती तातडीचे' या चारही ठिकाणी लिंक टाका. एकशे बारा जण हात जोडतील, चाळीस जण पुष्पगुच्छ पाठवतील. एकजण विचारेल, "पीडीएफ आहे का?" एक काका म्हणतील, "अरे, घरचं पुस्तक विकत काय घ्यायचं? सही करून आणून दे." त्यांच्याकडे स्वतः जा, पेढे न्या. बहिणीचा नवरा मात्र खरंच विकत घेतो आणि पाच तारे देऊन अभिप्राय लिहितो : 'पॅकिंग उत्तम.' साताऱ्याचा एक अनोळखी माणूस एक तारा देतो, कारण कुरियरवाल्याने पुस्तक शेजाऱ्याकडे दिलं. माझ्या साहित्यावर आजवर झालेली गंभीर चर्चा इथे संपते.

तरीही तुम्ही बेस्टसेलर होऊ शकता. त्यासाठी चांगलं लिहायचं नसतं, विक्रीच्या संकेतस्थळावर पुस्तकांचा रिकामा विषयवर्ग शोधायचा असतो. ललित लेखांत गर्दी आहे, तिकडे जाऊ नका. पुस्तकात म्हशीचा उल्लेख असेल तर 'पशुपालन' घ्या. विक्रीची क्रमवारी तासातासाला हलत असते. रविवारी दुपारी भाच्याला आणि मेव्हण्याला एकाच वेळी ऑर्डर द्यायला लावा आणि तुम्ही शेळीच्या लसीकरणाला मागे टाकलंत की लगेच स्क्रीनशॉट घ्या. चार वाजता शेळी पुन्हा पुढे जाते, पण स्क्रीनशॉट कायम राहतो. तुमच्या नावामागे 'बेस्टसेलर लेखक' लागलेलं आता कुणाच्या बापाला काढता येत नाही.

दुसरी आवृत्तीही अशीच. मागणीनुसार छपाईत आवृत्ती संपत नाही, कारण ती सुरूच झालेली नसते. मी आचार्यांना परत आचारी केलं, दर्या आटवून पुन्हा दऱ्या केल्या, नवी फाइल चढवली आणि जाहीर केलं : 'दोन महिन्यांत दुसरी आवृत्ती!' संमेलनात एका प्राध्यापकांनी उठून माझा हात हातात घेतला. वृत्तपत्रांना पाठवलेल्या प्रतींपैकी एकीचं नाव रविवारच्या पुरवणीत 'साभार पोच'मध्ये आलं, आडनावाच्या वेलांटीची चूक वगळता अचूक. बाकीच्यांपैकी दोन परत आल्या. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून तेराव्या दिवशी वर आल्या असं सांगतात. माझ्या सातव्या दिवशीच आल्या, वर परतीच्या टपालाचं बिल.

एव्हाना पॅकेजमधल्या 'लेखकाच्या प्रती' घरी पोचतात. त्या शंभर असतात. पोटमाळा आधीच रिकामा करून ठेवा, असं मी म्हणतो ते यासाठी. आमच्याकडे त्या आकाशकंदिलाच्या खोक्याखाली आहेत. दिवाळीत कंदील काढायला त्यांच्यावर पाय ठेवून चढतो, चांगली भक्कम बांधणी आहे.

एक काम मात्र राहू देऊ नका. 1954 चा कायदा आहे की प्रकाशकाने प्रसिद्धीनंतर तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने, कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईची एशियाटिक आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत धाडावी. नाही धाडली तर पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि वर पुस्तकाची किंमत. तुम्ही स्वयंप्रकाशित, म्हणजे हे प्रकाशक तुम्हीच. माझ्या पुस्तकाला देशात या चारच जागा अशा सापडल्या जिथे ते 'नको' म्हणून परत आलं नाही. कायद्याने त्यांना लेखी पोचसुद्धा द्यावी लागते.

कोलकात्याची पोच आली. शिक्का, तारीख, सही, सगळं होतं. मी ती फ्रेम करून हॉलमध्ये लावली.

"कुणी घेतलं?" बायकोने विचारलं.

"कलकत्त्याने."

"विकत?"

"पोस्टेज आपलं," मी म्हटलं, आणि खिळा जरा वर ठोकला.