चर्चच्या कमिटीवर नव्याने निवडून आलेल्या बंधूस

सलाम. निवडून आलात, अभिनंदन. मतं बहुतेक बायकांची मिळाली, कारण रविवारी बाकांवर त्याच असतात. पण ते फारसं मनावर घेऊ नका. आता तुम्हाला मंडळी, म्हणजे आपलं चर्च, चालवायची आहे. चालवणारी बाई आधीपासून आहेच. ती चालवते आहे हे कुणाच्या तोंडून निघू द्यायचं नाही, एवढीच तुमची जबाबदारी. मी या कामात केस पांढरे केले आहेत, म्हणून न विचारता सांगतो.

आधी ती बाई ओळखून ठेवा. पुण्यात क्वार्टर गेटला असा, खडकीला असा, नाहीतर पिंपरीला. प्रत्येक मंडळीत एक असते. पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, बदली होते, तिची होत नाही. नवे पाळक आले की कुणाची सून माहेरी जाऊन बसली आहे, कोणत्या दोन भावांचा कबरीच्या जागेवरून अबोला आहे, कुणाच्या घरी गेल्यावर चहाला नाही म्हणायचं नाही, हे सगळं त्यांना तीच समजावते. रात्री दीड वाजता ससून हॉस्पिटलमधून फोन येतो तो तिला. पाळकसाहेबांना सकाळी कळवतात. तोवर तिची प्रार्थना झालेली असते, नातेवाइकांना चहा मिळालेला असतो आणि रक्त द्यायला तरुण संघातली दोन पोरं झोपेतून उठवून उभी केलेली असतात.

तिला सगळे काकू म्हणतात. हे फार सोयीचं आहे, मोडू नका. काकूला मानधन नसतं, पीएफ नसतो, राहायला क्वार्टर द्यावं लागत नाही. काकूला निवृत्तीचं वय नसतं, त्यामुळे निरोपसमारंभाचा, शालीचा आणि नारळाचा खर्च वाचतो. पाळकांच्या बदलीसाठी बिशपांकडे शिष्टमंडळ नेता येतं, तसं काकूविरुद्ध नेता येत नाही म्हणा. पण तशी वेळ येतच नाही. जिच्याकडे काही नाही तिच्याकडून काढून काय घेणार?

आता बोलण्याचा प्रश्न. बाई बोलली तर त्याला संदेश म्हणायचं नाही. संदेश पुरुष देतो. बाई साक्ष देते, फार तर 'दोन शब्द' बोलते. त्या दोन शब्दांत तिने बायबलातल्या रूथच्या पुस्तकाचे चारही अध्याय उलगडून दाखवले आणि मागच्या बाकावरची पोरं मोबाइल खिशात घालून ऐकत बसली, तरी बुलेटिनमध्ये दोनच शब्द छापा. तिला पुलपिटाच्या, म्हणजे प्रवचनाच्या उंच व्यासपीठाच्या, पायऱ्या चढू द्यायच्या नाहीत. खाली शास्त्रवाचनाचं छोटं स्टँड असतं, तिथे उभं करा. माइक मात्र पाळकसाहेबांच्या उंचीवरच राहू द्या. ती टाचा उंच करून बोलेल, निम्मं ऐकू येणार नाही, आणि उपासनेनंतर तुम्ही बाहेर पारापाशी सहज म्हणू शकाल, "बायकांचा आवाज पोचत नाही हो, काय करणार."

कुणी फारच कुरकुर केली तर मार्चचा पहिला शुक्रवार दाखवा. जागतिक प्रार्थना दिन. दरवर्षी कुठल्या तरी एका देशातल्या बायका उपासनेचा क्रम लिहितात आणि त्याच दिवशी जगभरातल्या बायका तो चालवतात. त्या दिवशी पुलपिट सढळ हाताने द्या. फोटो काढा, ग्रुपवर टाका, 'आमच्या भगिनींना संधी' असं लिहा. शुक्रवार असल्यामुळे पुरुष कामावर असतात, ऐकणाऱ्याही बायकाच. कुणाच्या तत्त्वाला धक्का लागत नाही आणि वर्षभर दाखवायला फोटो राहतो.

बायबलची वचनं पाठ असू द्या. तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय, बारावं वचन: स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. हे झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं पाहिजे. त्याच अध्यायातलं नववं वचन पाठ करू नका. त्यात केस गुंफणं, सोनं, मोती आणि भारी कपडे यांबद्दल आहे, आणि नाताळच्या उपासनेला ते आपल्याच व्याहीमंडळींवर उलटतं. आठवं तर विसरूनच जा. पुरुषांनी राग आणि वाद सोडून हात वर करून प्रार्थना करावी असं त्यात प्रेषित पौल म्हणतो, आणि आपल्या वार्षिक सभेचा व्हिडिओ पुष्कळांकडे आहे.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचनात आला तर 'वेळेअभावी' हे शब्द कामी येतात. अध्याय निव्वळ नावांचा आहे. पण ती नावं मोजायला बसलं की त्यात दहा बायका निघतात, आणि पहिलीच फिबी. तिचं स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा, असं पौल रोमच्या मंडळीला बजावतो. पत्रही बहुधा तीच घेऊन गेली. अक्विल्लाच्या आधी त्याच्या बायकोचं नाव येतं. असल्या गोष्टी रविवारी सकाळी कशाला? ईस्टरच्या पहाटेचं मात्र टाळता येत नाही, कबरेपाशी बायकाच पोचल्या होत्या, शिष्य दारं लावून बसले होते. त्यावर संडे स्कूलची नाटिका बसवावी. लोक मुलांचे पोशाख बघतात.

पंडिता रमाबाईंचं काय करायचं, हे नव्या मेंबराला हमखास अडतं. त्यांचा फोटो हॉलमध्ये लावायचाच. वर्षातून एकदा महिला मंडळाची बस केडगावला न्यायची, त्यांनी उभारलेलं मुक्ती मिशन बघून संध्याकाळी परत. भाषणात 'थोर समाजसुधारक' म्हणायचं, 'विदुषी' म्हणायचं, 1989 मध्ये टपाल खात्याने तिकीट काढलं ते सांगायचं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून सांभाळल्या, हे जरूर सांगा. सांभाळणं बायकांना शोभतं. 1905 च्या मुक्तीतल्या धार्मिक जागृतीपाशी आलात की जरा झपझप पुढे चला. तिथे रात्र-रात्र प्रार्थनेला उभ्या राहणाऱ्या मुलीच होत्या, टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगत फिरल्या त्याही मुलीच, आणि एखादं आगाऊ पोर विचारतं की यांना कुठल्या कमिटीने ठराव करून पाठवलं होतं.

आणखी एक प्रसंग आहे तो तर चुकूनही काढू नका. रमाबाई इंग्लंडात होत्या, 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं अशी कल्पना निघाली. हिंदुस्थानातल्या बिशपांना विचारलं. बिशपांनी कळवलं, छे छे, मायदेशात तिचं नाव खराब होईल. त्यावर रमाबाईंनी जे लिहिलं त्याचा मतलब असा, की माझी आई तरुणांना शिकवत होती, मीही शिकवलं, आणि माझ्या वडिलांना किंवा नवऱ्याला त्यात काही गैर वाटलं नाही. वडील म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृत पंडित. आता अनंतशास्त्र्यांना जे चाललं ते बिशपांना का चालेना, हे पुण्यातल्या हॉलमध्ये समजावून सांगत बसायचं म्हणजे जेवण गार होतं. आणि प्रीतिभोजनाची बिर्याणी गार झालेली कुणाला आवडत नाही.

भाषांतराचंही तसंच. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापलं; त्या 1922 मध्ये गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. एवढं करूनही नावामागे पाळकाचं रेव्हरंड लागलं नाही. हा आपला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. पदाची मागणी घेऊन कुणी आली की हळुवार आवाजात म्हणायचं, "रमाबाईंना कुठे पद होतं?" समोरची गप्प बसते. रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 मध्ये वारले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य 'ख्रिस्तायन' सुरुवातीच्या अध्यायांतच अडकलं होतं आणि ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, हे ठाऊक असलेली एखादी भेटली तर तिला 'टिळकांचं ख्रिस्तायन' म्हणायची सवय लावा.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. बिबवेवाडीला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, शिकून, धर्मशास्त्राची बी.डी. पदवी घेऊन परत आलेली आपल्याच मंडळीतली मुलगी. हिला काकू म्हणता येत नाही, वय नाही. ग्रीक येतं, त्यामुळे बारावं वचन काढलं की ती आजूबाजूचंही काढते. शिवाय तिला माहीत असतं की दक्षिण भारतीय चर्चने 2013 मध्ये नंद्यालला महिला बिशप केली, आपल्या उत्तर भारतीय चर्चनेही 2024 मध्ये ओडिशात फुलबनीला केली. 'नियमात बसत नाही' हे वाक्य त्यामुळे आता वापरू नका. 'नियमात बसतं, पण आपले लोक अजून तयार नाहीत' असं म्हणा. लोक म्हणजे कोण, हे विचारायच्या आत तिच्याकडे संडे स्कूल सोपवा. तिसरी ते पाचवीचा वर्ग, पुठ्ठ्याचं नोहाचं तारू, रंगीत खडू. दोन वर्षं ती तेवढ्यात गुंतते. नंतर तिच्या लग्नाची चौकशी सुरू करावी, शक्यतो पाळकाशीच. म्हणजे एका मानधनात दोन बी.डी. मिळतात, आणि क्वार्टर एकच लागतं.

एवढं करूनही कुणी बोललीच, तर ब्रह्मास्त्र आहे: "सेवा नावासाठी करायची नसते, ताई." डोळे थोडे मिटून म्हणावं. मात्र हे वाक्य पुरुषांसमोर उच्चारू नये. आपल्या माजी सेक्रेटरींच्या दारावरच्या पाटीवर अजून 'मा. सेक्रेटरी' आहे, हॉलच्या कोनशिलेवर अकरावं नाव राहिलं म्हणून दगड बदलून घेतला होता, आणि लेटरहेडवर कुणाचं नाव वर छापायचं यावरून दोघांनी प्रभुभोजनाला जायचं बंद केलं होतं. सेवेच्या निःस्वार्थीपणाची शिकवण त्यांना पेलणार नाही.

हंगामाचा सण, म्हणजे लोकांनी दान केलेल्या पिकाचा चर्चमध्ये लिलाव होतो तो, जवळ आला आहे, तेव्हा शेवटचं. लिलावात उत्साहाने बोली लावा. भोपळा घेऊन परत दान करा, तो पुन्हा विकला जाईल, पुन्हा कुणीतरी दान करील. एका भोपळ्यात मंडळीची ताडपत्री निघते. कोणी किती बोलला, कोणी दिले, कोणी 'पुढच्या रविवारी देतो' म्हणून मागच्या दाराने गेला, हे काकू स्टुलावर बसून लिहीत असतात, आणि पुढचे दोन महिने घरोघर जाऊन वसूलही करतात. खजिनदार तुमचा आहे, सही त्याची. वार्षिक सभेत हिशेब त्यालाच वाचू द्या. फक्त त्याला आदल्या रात्री वही घरी नेऊन दोनदा वाचून यायला सांगा. गेल्या वर्षी मधेच अक्षर लागेना म्हणून त्याने भर सभेत मान वर करून विचारलं होतं, "काकू, हे सात आहे की एक?"