घोड्याचं रक्त? हो, घोड्याचंच!

आज सकाळी गावच्या ग्रुपवरचा एक मेसेज वाचला आणि चहा तसाच गार झाला. घोणस चावलेल्या एका पोराला घरच्यांनी रात्रभर देवळात बसवून ठेवलं. पोरगं आता डायलिसिसवर आहे. आणि त्यावर एकाने लिहिलंय, ‘दवाखान्यात तरी काय देतात? घोड्याचं रक्त! त्यापेक्षा आपला अंगारा बरा.’ खाली हात जोडलेल्यांची ही भली मोठी रांग.

डोकंच फिरलं माझं.

आमच्या काकांना उसाला पाणी पाजताना घोणस चावली होती. सिस्टरनी त्यांचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि बजावलं, ‘वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही.’ वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. घोणशीचं विष रक्त गोठूच देत नाही. काकूंचा चेहरा तेव्हा मी पाहिलाय. अंगाऱ्यावाल्यांनी नाही पाहिला.

मग ती ‘घोड्याच्या रक्ताची’ बाटली लागली. त्यात रक्त नसतं हो! घोड्याला विष थोडं थोडं वाढवत टोचतात, त्याचं शरीर प्रतिपिंड, म्हणजे त्या विषाला निकामी करणारे घटक, तयार करतं, आणि त्याच्या रक्तातून तेवढेच वेगळे काढून शुद्ध करतात.

हे कुणाला स्वप्नात दिसलेलं नाही. 1890 साली बर्लिनला, जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत, एमिल बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वाताला दाद न देणारा ससा तयार केला. त्याचं जेमतेम 0.2 घन सेंटिमीटर रक्त एका उंदराच्या पोटात टोचलं. दुसऱ्या दिवशी त्याला आणि काहीच न टोचलेल्या उंदरांना धनुर्वाताचे जंतू दिले. बाकीचे 36 तासांत मेले, हा ठणठणीत! मग रक्त गोठल्यावर सुटणारं नुसतं सीरम घेतलं, तरी तेच. सीरममध्ये धनुर्वाताचं विष मिसळून ठेवलं, तर विषच निकामी झालं. म्हणजे एका जिवाने कमावलेलं संरक्षण दुसऱ्याला देता येतं. मला तर हे आजही वाचताना भरून येतं.

चारच वर्षांत पॅरिसला आल्बेर काल्मेट यांनी हीच युक्ती नागाच्या विषावर चालवली. त्यांना वाटलं, एकच सीरम सगळ्या सापांना पुरेल. तसं नव्हतं. नागाचं सीरम घोणशीवर चालत नाही, हे जॉर्ज लॅम्ब यांनी इथे भारतात दाखवून दिलं. म्हणून आज आपल्या बाटलीत नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवरचा उतारा एकत्र असतो. काकांना तोच मिळाला. पुढच्या तपासणीत तशीच नळी तिरकी केली, तर रक्त दही लागल्यासारखं घट्ट. काकू तिथेच खाली बसल्या.

बरं, रिअॅक्शन येते, मान्य. काकांनाही थंडी वाजून अंगावर गांध्या उठल्या, डॉक्टर बाजूला होते म्हणून निभावलं. म्हणूनच तर दवाखान्यात न्यायचं! आणि देवळात बरे होतात, ते बिनविषारी साप चावलेले किंवा चावताना अंगात विष गेलंच नाही असे. त्यांचं श्रेय अंगाऱ्याला, आणि दगावला की ‘नशीब’.

त्या घोड्यांना कुणी नमस्कार करत नाही. कितासातोंनाही नाही. 1901 साली वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल याच सीरमच्या कामाला मिळालं, ते एकट्या बेरिंगना! बेरिंग यांनी घटसर्पावर पुढे बरंच केलं, ते नाकारत नाही. पण धनुर्वाताचा जंतू पहिल्यांदा शुद्ध रूपात वाढवला कितासातोंनी, 1890 च्या सीरमच्या शोधनिबंधावर नाव दोघांचं, आणि पदक एकाला. सव्वाशे वर्षं झाली, तरी मला राग येतो.

ग्रुपवर भांडून झालंय, आता काम. चावल्यावर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हात-पाय हलवायचा नाही, 108 ला फोन करून सरळ दवाखाना. आणि आपल्या आरोग्य केंद्रात सीरमच्या बाटल्या शिल्लक आहेत का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारायला मी सोमवारी सकाळी जातेय. कोण कोण येतंय बरोबर, खाली लिहा.