‘दोन मिनिटात पेशंट उडवतात’ : तापीकाठचे यांच्या कमेंटला उत्तर

तापीकाठचे भाऊ, तुमची कमेंट काल रात्री वाचली, नीट झोप लागली नाही म्हणून सकाळी चहाच्या आधीच लिहायला बसले. बाकीच्यांना कळावं म्हणून सांगते, माझा लेख एवढाच होता की नव्या डॉक्टरला पहिली चार-पाच वर्षं पाठीशी कोणी जाणतं माणूस पाहिजे, तरच पेशंटशी बोलायची त्याची सवय टिकेल. त्यात शिकागोच्या एका देणगीचं उदाहरण दिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलं, ‘ताई, डॉक्टरांची वकिली बंद करा. पगार घेतात आन दोन मिनिटात पेशंट उडवतात, त्यांना कसला आधार? शिकागोच्या गोष्टी खानदेशात सांगू नका. कट प्रॅक्टिसवर (पेशंट पाठवायचं कमिशन) बोला. तुमच्यावर वेळ आली नाही म्हणून सुचतं हे. आणि नंदुरबारच्या कॉलेजचं सालपण चुकलंय.’

सालाचं आधी सांगून टाकते. बरोबर आहे तुमचं. २०१८ ला जळगावचं मेडिकल कॉलेज सुरू झालं, नंदुरबारचं २०२० ला, मी दोन्हींची गल्लत केली. मान्य.

पण ‘उडवतात’? हा शब्द मला लागला, खरं सांगते. दोन मिनिटं म्हणाला असता तर मी काही बोलले नसते, कारण ती मी स्वतः बघितलीत. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं औषधं दिली मी, त्यातली १२ सातपुड्याच्या पायथ्याच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, आन माझी खिडकी डॉक्टरच्या खोलीला लागूनच होती. आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येला एक केंद्र हे कागदावर, डॉक्टरच्या जागा दोन, आमच्याकडे बहुतेक वेळा हजर एकच. बाजाराच्या दिवशी १४० केसपेपर निघायचे. सकाळची ओपीडी चार तास धरा, म्हणजे २४० मिनिटं, करा भागाकार. दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत, त्यात मधेच डिलिव्हरी, साप चावलेला माणूस, एमएलसीचा, म्हणजे पोलीस केसचा, कागद घेऊन पोलीस उभे, आन तालुक्याच्या मीटिंगचा फोन. तो उडवत नव्हता भाऊ, बुडत होता.

एका पोराचं सांगते. लातूरकडचा, २५-२६ वर्षांचा, बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेला. म्हातारी अहिराणीत ‘पोटमा दुखस’ म्हणायची तरी तो माझ्याकडे बघायचा, पावरा आदिवासींची पावरी बोली तर लांबच राहिली. त्या दिवसांत एक पावरा मुलगी यायची, १४-१५ वर्षांची, हातपाय दुखतात म्हणून रडायची. आधीच्या सगळ्यांनी तिला दुखण्याच्या गोळ्या देऊन पाठवलं, गोळ्या मीच मोजून दिल्या, आन स्टाफमध्ये तर शाळा चुकवायचं नाटक असंच बोललं जायचं. ह्या पोराने तिला ओपीडी संपेपर्यंत बसवून ठेवलं, आशाताईंना मधे घेतलं आणि वीस मिनिटं नुसतं ऐकलं. आई बोलता बोलता म्हणाली, धाकटा पण असाच कण्हायचा, गेला तो. सिकलसेल निघाला, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह, मग जिल्ह्याला इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की तपासणी, रिपोर्ट एसएस, म्हणजे आजार आहेच. पुढे तिला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू झालं, पाणी भरपूर पी, थंडीत अंग झाक, ताप आला तर थांबू नको, हे सगळं त्याने तिच्या आईकडून तीनदा म्हणवून घेतलं. इतकी वर्षं नंदुरबार भागात काढून मला जे सुचलं नाही ते त्याला सुचलं, कारण त्याने विचारलं.

आणि हाच पोरगा सहा महिन्यांनी मान वर न करता लिहायला लागला. मधे एक रात्र झाली होती. बाळ रेफर करायचं होतं, गाडी दुसऱ्या केसवर गेलेली, नातेवाईकांनी त्याची कॉलर धरली. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, तो मलाही माहीत आहे. सकाळी त्याला ‘जेवलास का रे’ असं वरच्या कोणीही विचारलं नाही, खुलाशाचा कागद मात्र आला. त्या दिवसापासून त्याने खुर्ची फिरवून दाराकडे तोंड केलं. पेशंट बाजूला बसायचा, ह्याची नजर दारावर. बॉण्ड संपला, गेला. मी लेखात आधार म्हणते तो या जागेचा आहे, पगाराचा नाही. रात्री फोन उचलणारा एक सीनियर, महिन्यातून एकदा शेजारी बसून तू पेशंटशी कसा बोलतोस ते बघणारं कोणीतरी, दाराला कडी आणि नळाला पाणी असलेलं क्वार्टर. २०१९ पासून एमबीबीएसला एटकॉम शिकवतात, पेशंटशी कसं वागावं बोलावं याचंच शिक्षण आहे ते, पण पहिल्या पोस्टिंगला पोरगं एकटं पडतं तिथे ते कोण सांभाळणार?

शिकागोचं म्हणाल तर २०११ ला बक्सबाम नावाच्या कुटुंबाने तिथल्या विद्यापीठाला ४ कोटी २० लाख डॉलर दिले ते डॉक्टर-पेशंटचं नातं सुधारावं म्हणून, आणि त्यातून तरुण डॉक्टरही निवडून पुढे आणतात. इमारत नाही, मशीन नाही, माणसं घडवायला पैसा दिला. मला त्यातलं एवढंच घ्यायचं होतं. आपल्याकडे केळीवाले, कापूसवाले दानशूर काय कमी आहेत?

आता ‘तुमच्यावर वेळ आली नाही’. हे लिहायच्या आधी विचारायचं होतं. माझे वडील एका मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस होते. मोठे डॉक्टर रोज यायचे, फाईल बघायचे, आमच्याकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. आठव्या रात्री एका रेसिडेंट मुलीने केसपेपरच्या मागे किडनीचं चित्र काढून मला समजावलं की आता काय होणार आहे, आन वडिलांना ती बेड नंबरने नाही, बाबा म्हणून हाक मारायची. वडील गेले. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हा लेख लिहिला. ज्याची तुम्हाला माहिती नाही त्यावर असं फटकन बोलू नका, वयाने मोठी आहे तुमच्यापेक्षा बहुतेक.

कट प्रॅक्टिस आहे, चूक आहे, पण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. तुम्ही लिहा त्यावर, मी वाचेन.

कमेंट डिलीट केलेली नाही. नंदुरबारचं साल लेखात दुरुस्त केलंय.