साहेबाची कचेरी आणि पाडांगचं मैदान : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. सिंगापूरची नॅशनल गॅलरी म्हणजे साहेबाच्या काळातली म्युनिसिपल इमारत आणि शेजारचं सुप्रीम कोर्ट मिळून केलेलं कलादालन. तिच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत, 'साहेबाच्या कोर्टकचेरीचे खांब मोजत बसलात. समोरच्या मैदानावर नेताजी उभे राहिले होते, त्यांचं नावही नाही. असल्या इमारती जपायच्याच कशाला?'

पहिली तक्रार पूर्ण मान्य. ५ जुलै १९४३ रोजी याच म्युनिसिपल इमारतीसमोर, पाडांग नावाच्या मैदानावर, नेताजींनी आझाद हिंद सेनेची सलामी घेतली, 'चलो दिल्ली'ची हाक दिली. झाशीच्या राणीच्या नावाची पलटणही याच शहरात उभी राहिली. मराठी वाचकांसाठी लिहिताना हे राहून जायला नको होतं. लेखात भर घालते आहे.

'जपायच्याच कशाला' हे मात्र पटत नाही. १९२९ साली इमारत पुरी झाली ती साहेबाचा कारभार चालवायला, हे खरं. पण १९५९ साली ली क्वान यू यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली तीही इथेच. मग ती एकट्या साहेबाची कशी राहिली?

आणि नेताजींचा विषय काढलात म्हणून सांगते. मैदानाच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, त्यांनी जुलै १९४५ मध्ये आझाद हिंद सैनिकांच्या स्मारकाची कोनशिला बसवली. त्यावर तीन शब्द होते : इत्तेफाक, इतमाद, कुरबानी; म्हणजे एकजूट, विश्वास, बलिदान. ब्रिटिश सिंगापुरात परत आले आणि माउंटबॅटननी ते स्मारक पाडायला लावलं. त्याच माउंटबॅटननी १२ सप्टेंबर १९४५ रोजी या इमारतीच्या दालनात जपान्यांची शरणागती स्वीकारली. दगड काय बोलतात हे पाडणाऱ्यालाही कळत होतं. म्हणूनच, कुणाचेही असोत, ते पाडण्याच्या मी विरोधात आहे.

शेजारच्या जुन्या सुप्रीम कोर्टात दोन कोठड्या जशाच्या तशा ठेवल्यात. त्यातल्या एकीत मी उभी राहिले. दोन पावलं टाकली की भिंत. इथून कैद्याला वर आरोपीच्या पिंजऱ्यात नेत. २०१५ मध्ये दोन्ही इमारती जोडून गॅलरी उघडली, तेव्हा या कोठड्या बुजवून चकचकीत दुकान थाटणं सोपं होतं. तसं केलं नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आणि ज्या कोर्टात साहेब न्याय द्यायचा, तिथल्या भिंतींवर आता आग्नेय आशियातल्या चित्रकारांची चित्रं आहेत. जावाच्या राडेन सालेहचं १८४९ सालचं वणव्याचं चित्र बघा. आगीच्या लोटापुढे कड्याच्या टोकाशी आलेली जनावरं, पुढे पाय ठेवायला जागा नाही. मी त्या चित्रापुढे बराच वेळ थांबले होते.

सिंगापूरला जाणं झालं तर गॅलरीतून निघून पाडांग ओलांडा, एस्प्लनेड पार्कात या. स्मारकाच्या जागी १९९५ मध्ये खुणेचा फलक बसवलाय. गॅलरीपासून चालत दहा मिनिटं लागतात. तो फलक मीही वाचून आले होते. लेखात आला नाही, ही चूक माझी.