शिरोळच्या रानात मीठ येतं कुठून?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगलेच्या काळ्या रानात पांढरा थर दिसला की नदीला बोल लावायचा, नाहीतर रासायनिक खतांना. पण बहुतेक ठिकाणी हे मीठ खालून वर आलेलं असतं. पाटानं दाबून पाणी पाजलं की जादाचं पाणी मुळांखाली उतरतं. भारी मातीतून ते लवकर निचरत नाही, साठत जातं. पातळी पाचेक फुटांच्या आत आली की ओल क्षार घेऊन वर चढते. पाण्याची वाफ होते, मीठ तिथंच राहतं. आणि पाणी पाजतो वरच्या अंगाचा, रान जातं खालच्या अंगाच्या शेतकऱ्याचं. म्हणून ‘माझं पाणी, माझा ऊस’ हे बोलणं मला पटत नाही.

सुरू उसाला (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) पाटानं साधारण 250 हेक्टर-सेंमी पाणी धरतात, हेक्टरभर रानात एक सेंमी उभं पाणी म्हणजे एक हेक्टर-सेंमी, हिशेबानं एकरी एक कोटी लिटर. एका पाळीला, म्हणजे एका वेळच्या पाण्याला, 8 सेंमी पुरे, एकरात सव्वातीन लाख लिटर. आपण किती देतो ते मोजायला 200 लिटरचं बॅरल आणि घड्याळ पुरतं. डिलिव्हरी पाइपखाली बॅरल 20 सेकंदांत भरलं तर तासाला 36 हजार लिटर, म्हणजे एकराला नऊ तास. त्यापुढं मोटर चालली तर ते पाणी उसाला नाही, खालच्या बांधाला. आणि चालतेच, कारण ऑटो स्विच. रात्री लाइट येते, मोटर आपोआप सुरू होते, रानात कुणी नसतं, सऱ्या फुटून पाणी ओढ्यात. पाणीपट्टी एकरावर ठरलेली, मग मोटर बंद करायला उठणार कोण?

ठिबक केलं की प्रश्न मिटला, असंही नाही. पाणी निम्म्याच्या आसपास वाचू शकतं, पण लाइट आहे तोवर आठ-आठ तास सलग सोडलं तर ठिबकनंही तेच होतं. रोज किंवा दिवसाआड, थोडं थोडं द्यायचं. नदीचं पाणी असेल तर वाळूचा फिल्टर हवाच, नाहीतर पावसाळ्यानंतरच्या गाळानं ड्रिपर बुजतात, ऊस पिवळा पडतो आणि मालक ‘ठिबक चालत नाही’ म्हणत परत पाट सोडतो.

खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटलेल्या पिकात, पाणी वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय पाचटाचा, उसाच्या वाळलेल्या पाल्याचा. एकरी तीन-चार टन पाचट निघतं आणि आपण काडी लावतो! बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत, मग पाणी. युरिया टाळला तर कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढतात आणि खोडवा सुरुवातीला पिवळा दिसतो. पाचट एकाआड एक सरीत ठेवून मोकळ्या सरीतून पाणी दिलं तर दोन पाळ्यांमधलं अंतर वाढतं. खतं वर फेकू नका, पहारीनं बुडख्यापासून वीतभर अंतरावर भोक पाडून द्या.

रान आधीच बिघडलं असेल तर आधी माती तपासा. क्षार जास्त आणि सामू (pH) 8.5 च्या आत असेल तर ती क्षारपड. तिथं निचरा करून क्षार धुवायचे, जिप्सम टाकून पैसे घालवायचे नाहीत. सामू 8.5 च्या वर, विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम 15 टक्क्यांच्या वर, माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी असेल तर चोपण. तिथं जिप्सम लागतं, मात्रा अहवालावरून. आणि निचरा नसेल तर जिप्समनं मातीतून सुटलेला सोडियम जाणार कुठं?

निचऱ्यासाठी 80 मिमीचे सच्छिद्र पाइप चारेक फूट खोल, मातीप्रमाणे 15 ते 30 मीटरवर, फिल्टर गुंडाळून. फिल्टर वाचवला तर पाइप गाळानं भरतात. खरी अडचण तोंडाशी असते. ओढा गाळानं उथळ झालेला किंवा बांधानं खाल्लेला असला तर पाणी उलटं पाइपात शिरतं. शिवाय पाइपलाइन दुसऱ्याच्या रानातून न्यावी लागते, त्यामुळं हे काम एकट्याचं नाही. शिरोळला हे क्षारपड सुधारणेचं काम गटानंच पुढं नेलंय.

पण वरच्या रानात रात्रभर मोटर चालू राहिली तर खाली कितीही पाइप घाला. म्हणून पाणीपुरवठा संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत एक विषय घ्यायला लावा: पाणीपट्टी एकरावर न ठेवता मीटरवर घ्यायची. आरडाओरडा होईल, होऊ दे.