दोन दशांशांचा संसार

आम्ही कॉमिक्स जमवतो म्हटलं की लोकांना वाटतं, हे वाचतात. वाचायचं तर त्याच अंकाची साधी प्रत पाचेक डॉलरला मिळते. आम्ही घेतो ते व्हेरिएंट कव्हर. आत तीच गोष्ट, तीच मारामारी, खलनायक त्याच पानावर पळतो. फक्त वरचं चित्र दुसऱ्या चित्रकाराचं. लुगडं तेच, पदर वेगळा.

हा पदर मिळतो कसा? अमेरिकेतला प्रकाशक दुकानदाराला सांगतो, साध्या कव्हरच्या २५ प्रती उचला, मग एक व्हेरिएंट मिळेल. कधी ५० वर एक, कधी १०० वर एक. उचललेला माल सहसा परत जात नाही, त्यामुळे न खपलेल्या गठ्ठ्याचा सगळा भार त्या एका लाडकीच्या किमतीवर. (गठ्ठा पुढे दुकानातल्या ‘कुठलाही अंक एक डॉलर’ खोक्यात जातो. वाचणाऱ्यांनी तिथे जावं, चंगळ आहे.)

जुन्या काळी तर चित्रही बदलायची गरज नव्हती. १९७७ मध्ये मार्व्हलने मोजक्या ठिकाणी ३० सेंटचे अंक ३५ ला विकून पाहिले. ‘आयर्न फिस्ट’च्या १४व्या अंकाच्या त्या महाग प्रतीला आज लोक हजारो डॉलर मोजतात. भाववाढीचा इतका मान दुसरीकडे कुठे नाही.

प्रत हातात आली की परीक्षा. २००० साली सुरू झालेली फ्लोरिडातली सीजीसी ही कंपनी प्रतीची अवस्था तपासून ०.५ ते १० अशी श्रेणी देते. १० च्या वाटेला शहाण्याने जाऊ नये. नव्या व्हेरिएंटला ९.८ हवं. ९.६ आलं की घरात सुतक, आणि भावात असा खड्डा की तपासणीची फीसुद्धा अंगावर पडावी.

हे दोन दशांश जातात कुठे? अंक दिव्याखाली तिरका धरा. स्टेपलजवळ कण्यावर तांदळाच्या कणीएवढी आडवी रेघ दिसेल. शाई तुटून खालचा कागद पांढरा डोकावत असेल तर कारभार आटोपला. काळ्या कव्हरवर ती कणी दारातूनही दिसते. शाई शाबूत असेल तर रेघ प्रेसिंगने निघते. प्रेसिंग म्हणजे इस्त्रीच, पण नवऱ्याच्या शर्टावरची नव्हे: सिलिकॉनचा कागद वर-खाली, किंचित दमटपणा, बेताची उष्णता, मग दाबाखालीच निवू द्यायचं. घाई केली तर पानं लाटा मारतात, उष्णता वाढली तर कव्हरची चकाकी बिघडते. मागचं कव्हरही बघा. जाहिरात आहे म्हणून परीक्षक डोळेझाक करत नाहीत.

हात धुऊन खडखडीत कोरडे हवेत. हातमोजे नकोत, बोटांना कागदाची कड कळत नाही. पण खरी वैरीण म्हणजे अंक ठेवायच्या प्लॅस्टिक पिशवीच्या झडपेची चिकटपट्टी. अंक बाहेर काढताना ती कव्हरला अलगद चाटून जाते आणि शाईचा टवका घेऊन परतते. झडप आधी मागे दुमडून पिशवीलाच चिकटवा, मग अंक सरकवा.

सहीचा कायदा वेगळाच. चित्रकाराने स्वतःच्या चित्रावर सही केली तरी कंपनीचा साक्षीदार समोर नसेल तर अस्सल सहीचं पिवळं लेबल नाही. रजिस्टर लग्नच ते. साक्षीदाराविना केलेली सही म्हणजे कव्हरवर कुणीतरी पेनाने लिहिलंय, एवढीच तिची किंमत बरीच वर्षं धरली जायची.

शेवटी अंक टणक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद होऊन येतो. दोन प्लॅस्टिकं चिकटतात तिथे पावसाळी डबक्यातल्या तेलासारखी इंद्रधनुषी वर्तुळं दिसतात. त्याने श्रेणी उतरत नाही, रक्तदाब तेवढा चढतो. पेटी उन्हापासून लांब, उभी ठेवायची. उघडायची मात्र नाही, फोडली की ९.८ गेलं.

त्यामुळे गोष्टीत शेवटी काय होतं हे कळायला डॉलरच्या खोक्यातली प्रत आणावी लागते. ती प्रत, खारी चहात बुडवून खाता खाता वाचली तरी कुणी काही म्हणत नाही.